आधी पाऊस, मग हवामानबदल

पुणे, ८ जून

चि. सायलीस,


तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. चित्रीकरण देखणं झालंय. पण औशाच्या सोयाबीनवाल्याला हवामानबदल सांगताना सुरुवातीलाच बर्फावरचं अस्वल कशाला? लोक हळहळतील आणि उठून जातील. त्यांच्या तोंडी रोज जे असतं, तिथून धर. ‘महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडतो, मग पंधरा-वीस दिवस दडी मारतो,’ हे गावात कोणीही सांगेल.

या बोलण्याला शास्त्राचा आधार आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास २०१७ साली आला. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या आणि पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र घटला, असं त्यात दिसलं. अतिवृष्टीमागचं एक कारण सोपं आहे: हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. ती तापते कोळसा आणि पेट्रोल-डिझेल जाळल्यामुळे, हेही एका वाक्यात सांगून टाक. ते गाळलंस तर सगळं देवाच्या मर्जीवर जाईल.

आता पडद्यावर कोण हवं ते. रिकिन गांधी यांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये असताना ‘डिजिटल ग्रीन’चं काम सुरू केलं. शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांसाठी केलेल्या फिल्म गावात दाखवायच्या, अशी ती पद्धत. फिल्म बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न असायचा, हा माणूस कोण आणि कुठल्या गावचा? पलीकडच्या गावातल्या बाईला जमलं तर आपल्यालाही जमेल, हा हिशेब त्यामागे असतो. कर्नाटकातल्या सुरुवातीच्या प्रयोगात, खर्चाच्या मानाने, ही पद्धत नेहमीच्या कृषी विस्तारापेक्षा दहापट परिणामकारक ठरली. म्हणून निवेदनातला तुझा आवाज कमी कर आणि बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीने, सोयाबीन पेरणाऱ्या एखाद्या मावशीला बोलू दे. यंत्राचं भाडं किती पडलं, बियाणं किती वाचलं, कुठे फसलं, हे तिलाच विचार. फसलेलं कापू नकोस. त्यानेच बाकीचं खरं वाटतं.

चित्रीकरणाला जोराच्या पावसानंतर लगेच जा. कॅमेरा सरीच्या पातळीला ठेव. सपाट पेरलेल्या रानात पाणी तुंबलेलं आणि शेजारच्या वरंब्यांमधल्या सरीतून जादा पाणी निघून चाललेलं, हे एकाच चौकटीत घे. पुढे पावसाने ताण दिला की त्याच जागी परत जा आणि मावशींना दोन्हीकडची माती मुठीत दाबून दाखवायला सांग. वरंब्यात ओल टिकली असेल तर ढेकूळ धरेल, नसेल तर भुगा होईल. जे दिसेल ते दाखव.

एका ढगफुटीवर बोट ठेवून ‘हाच हवामानबदल’ असं मात्र म्हणू नकोस. १९७२चा दुष्काळ सोसलेले आजोबा पुढेच बसलेले असतील. ‘तेव्हा कुठं होता तुमचा हवामानबदल?’ असं ते विचारतील, आणि त्यांचा मुद्दा रास्त आहे. दुष्काळ आणि अतिवृष्टी पूर्वीही होत. बदल कळतो तो अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर. तुमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी तहसीलमधून मिळव, मोठ्या अक्षरात कागदावर उतरव आणि त्या वाचायला आजोबांनाच पुढे बोलव.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. फिल्म सलग दाखवू नकोस. पाणी तुंबल्याचं दृश्य आलं की थांबव आणि विचार, ‘तुमच्याकडं अशा पावसात काय झालं?’ बोलायला वेळ लागतो, गप्प राहून वाट बघ. एकाने तोंड उघडलं की चौघे बोलतात आणि वादही घालतात. घालू देत. कोण काय करून बघणार हे त्या वादातच ठरतं. सहा मिनिटांच्या फिल्मला तास लागला तरी चालेल. बाया कामावरून आल्यावर, त्यांना सोयीच्या वेळेला लाव. पेरणीच्या निर्णयांत त्यांचाही वाटा असतो.

आता हेच कच्चं एडिट एका गावात दाखव. संगीत, ग्राफिक्स नंतर बघू. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरव आणि मला कळव. ज्या प्रश्नांची उत्तरं तुझ्याकडे नसतील, त्यांवर पुढची फिल्म करायची.

ताई-भावोजींना नमस्कार.

तुझा,
मामा