"शेवटच्या २० ऑर्डर दाखव" म्हटलं, तर ॲप नेमकं काय दाखवतं?

ऑर्डर ॲपच्या व्हिडिओत मी "ताज्या ऑर्डर सगळ्यात वर दिसल्या पाहिजेत" असं एका वाक्यात बोललो आणि पुढे गेलो. तेवढ्यावर भागत नाही. म्हणून आज फक्त तेवढंच बघू.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे. २०२५ च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, त्यांनी छोटं वेब ॲप सुरू केलं. ओळखीतल्या एका मुलाने करून दिलेलं. गिऱ्हाईक फॉर्म भरणार, ताई मोबाईलवर यादी बघणार, पैसे डिलिव्हरीला. एका पानावर २० ऑर्डर. पहिले नऊ दिवस यादी एकदम चोख. १ ऑक्टोबरपासून नवीन ऑर्डर दिसेनात. ताईंना वाटलं, उद्या दसरा, लोक दुसऱ्या खरेदीत असतील. ५ तारखेला एका काकूंचा फोन आला, "अगं, लेकाचं अमेरिकेचं पार्सल निघालं का?" ताईंना त्या ऑर्डरचा पत्ताच नाही! शोधाशोध केली तेव्हा तिसऱ्या पानावर, अगदी तळाला, अकरा ऑर्डर सापडल्या. त्यातल्या तिघांनी तोवर दुसरीकडे सांगून टाकलं होतं.

झालं काय होतं? तारीख डेटाबेसमध्ये तारीख म्हणून नाही, तर साधा मजकूर म्हणून साठवली होती, "३०-०९-२०२५" अशी. मजकुराचा क्रम लावताना कॉम्प्युटर शब्दकोशासारखं पहिलं अक्षर आधी बघतो. "३०-०९-२०२५" मधलं पहिलं अक्षर ३, "०१-१०-२०२५" मधलं शून्य. तीन मोठा, म्हणून ३० सप्टेंबर वर आणि १ ऑक्टोबर खाली. गंमत म्हणजे एकाच महिन्यात हा क्रम बरोबरच येतो. म्हणून तर नऊ दिवस कुणाला शंका आली नाही.

उपाय सोपा आहे. रकान्याचा प्रकार मजकूर न ठेवता तारीख-वेळ ठेवायचा, आणि वेळ गिऱ्हाइकाच्या फोनवरून न घेता सर्व्हरने स्वतः नोंदवायची. फोनचं घड्याळ चुकलेलं असू शकतं. जुन्या नोंदी बदलण्याआधी बॅकअप घ्या, हे सांगायला नकोच. मग मागणी अशी करायची:

सिलेक्ट सगळं, फ्रॉम ऑर्डर्स, ऑर्डर बाय नोंदवेळ डिसेंडिंग, आयडी डिसेंडिंग, लिमिट २०

यातलं "ऑर्डर बाय" विसरू नका. बऱ्याच जणांचा समज असतो की टेबलात नोंदी आल्या त्याच क्रमाने बाहेर येतात. तसं नाही हो! क्रम मागितला नाही तर डेटाबेस कोणत्याही क्रमाने नोंदी देऊ शकतो. आज बरोबर आल्या म्हणजे उद्या येतीलच असं नाही. "डिसेंडिंग" म्हणजे उतरता क्रम. तो शब्द राहिला की सगळ्यात जुन्या २० ऑर्डर मिळतात. आयडी शेवटी यासाठी, की एकाच सेकंदाला दोन ऑर्डर आल्या तरी त्यांचा क्रम ठरलेला राहावा, पान पलटताना एखादी गायब होऊ नये. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट तिन्हींत लिमिट चालतं.

आणखी एक खड्डा: "आजच्या ऑर्डर". बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे पहाटे दोनला आलेली ऑर्डर सर्व्हरच्या हिशोबात कालची, रात्री साडेआठची ठरते. साठवा यूटीसीमध्येच, पण "आज" ठरवताना भारतीय वेळ धरायला सांगा. रात्री उशिरा ऑर्डर घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

गुगल शीटवर धंदा चालवणाऱ्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. तारखांच्या रकान्यात बघा: तुम्ही मुद्दाम काही बदललं नसेल, तर खरी तारीख उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. डावीकडे टेकलेली तारीख दिसली की ताईंचाच घोटाळा तुमच्याकडे होणार.

ॲप करून देणाऱ्याला विचारायला लाजू नका. मी तर म्हणतो, पैसे चुकते करण्याआधी त्याच्यासमोर बसून चाचणी घ्या. ३० सप्टेंबर, १ ऑक्टोबर, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी अशा चार खोट्या ऑर्डर टाकायला सांगा, आणि जानेवारीची ऑर्डर सगळ्यात वर येते का बघा. वर्ष पुढचं टाकलंय ना, तेही तपासा. ताईंनी आता हेच केलंय. शिवाय त्यांच्या यादीला दुसरं बटण आलंय, डिलिव्हरीच्या तारखेप्रमाणे चढत्या क्रमाचं, कारण स्वयंपाकघरात शेवटची ऑर्डर कोणती यापेक्षा उद्या काय द्यायचंय हे आधी लागतं.