गाण्यासाठी वावर विकू नका



बारावीचे निकाल लागले की आमच्या गाण्याच्या क्लासात एक प्रश्न हमखास येतो. कधी पाथर्डीकडचे वडील विचारतात, कधी श्रीरामपूरची आई. शब्द इकडचे तिकडे, मुद्दा तोच. "सर, पोरगी गाती चांगली. तिला गाण्यातच पुढं शिकायचंय. पण त्यापायी वावर विकायची पाळी तर नाय ना यायची?"

नाही यायची. पण हिशेब उशिरा मांडलात, किंवा कर्जापासून सुरू केलात, तर येऊही शकते. म्हणून आज सुरांचं राहू द्या, पैशांचं बोलू.

आधी फीबद्दलची भीती काढून टाका. आपला अहिल्यानगर जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो, आणि याच विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून संगीत, नृत्य, नाट्य शिकवतं. तिथं प्रवेशासाठी गाऊन-वाजवून दाखवावं लागतं. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग 1969 चा. लांब पाठवायची तयारी असेल तर बडोद्याचं विद्यापीठ आहे, पंडित ओंकारनाथ ठाकूरांनी घडवलेला बनारस हिंदू विद्यापीठाचा विभाग आहे, छत्तीसगडमध्ये खैरागढला 1956 पासून संगीत आणि कलांचं स्वतंत्र विद्यापीठच आहे. ही सगळी सरकारी विद्यापीठं. त्यांची फी आणि खासगी विद्यापीठातली फी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. माहितीपत्रक हातात आलं की इमारतीचा फोटो नंतर बघा, आधी तिन्ही वर्षांच्या फीचा तक्ता मागा.

खरा खर्च फीचा नसतोच, राहण्याचा असतो. नगर-पुणे सव्वाशे किलोमीटर. रोज एसटीनं जाऊन-येऊन रियाझ होत नाही. खोली आणि मेस मिळून महिना 8,000 रुपये धरून चालू. दहा महिन्यांचे 80,000, तीन वर्षांचे 2 लाख 40 हजार. हा आकडा कागदावर आला की आईवडील एकमेकांकडे बघतात, कारण तोवर त्यांच्या डोक्यात फक्त फी असते. वसतिगृह मिळालं तर हाच आकडा बराच खाली येतो. तेव्हा प्रवेशाइतकीच धावपळ वसतिगृहासाठी करा. विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आहे, तिची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा. त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत शिकलेल्या आपल्या जिल्ह्याला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. आणि पहिल्याच वर्षी मिरजेचा तानपुरा हवा असा हट्ट तुम्हीही धरू नका. सुरुवातीला मोबाइलमधला तानपुरा भागवतो.

आता शिष्यवृत्त्या. यात सगळा खेळ वयाचा आहे. केंद्र सरकारच्या सीसीआरटी या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती 10 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी असते. वर्षाला 3,600 रुपये आणि शिकवणीच्या फीपोटी 9,000 रुपयांपर्यंत. प्रगती दाखवत राहिलं तर ती पुढेही चालू राहते, पदवीच्या वर्गापर्यंत किंवा विसाव्या वर्षापर्यंत. रक्कम फार मोठी नाही, पण पाचवी-सहावीतल्या मुलाचा क्लास त्यातून निघतो. अवघड एवढंच, की बहुतेक पालक विचारायला येतात तेव्हा मूल सतरा वर्षांचं झालेलं असतं.

पुढची पायरी 18 ते 25 वयाची. केंद्रीय संस्कृती मंत्रालय तरुण कलाकारांना दोन वर्षं महिना 5,000 रुपये देतं. त्यासाठी गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. म्हणून गुरुजींकडून दरवर्षी एका ओळीचं का होईना, पत्र घेऊन ठेवा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांची प्रमाणपत्रं जपून ठेवा. दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात ते वेगळंच. एक मात्र लक्षात असू द्या, मंत्रालयाची रक्कम सहामाही हप्त्यांनी येते. मेसचं बिल दर महिन्याला येतं. तिच्या भरवशावर किराणा भरू नका.

राज्य सरकारच्याही योजना आहेत. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्गीय मुलांना महाडीबीटी पोर्टलवरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार, आधार आणि स्वयंम या योजना. पुण्यासारख्या शहरात अनुसूचित जातीच्या मुलाला स्वाधारमधून वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात, म्हणजे वरच्या 80,000 मधला मोठा वाटा. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातल्या मुलींची फी 2024-25 पासून माफ झाली, पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांची. संगीतातली बी.ए. त्यात बसलीच, असं गृहीत धरू नका. कॉलेजच्या कार्यालयात विचारा, आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या.

फॉर्म कुठं अडतो सांगू? नावावर. आपल्याकडे वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर 'भाऊसाहेब', आधारवर 'भाऊ' आणि सातबाऱ्यावर 'भाऊराव'. सेतूतला पोरगा तिन्ही कागद समोर ठेवतो आणि विचारतो, "यातले तुम्ही कोणते?" मग प्रतिज्ञापत्र, मग पुन्हा रांग, तोवर शेवटची तारीख गेलेली. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेला पैसाही अडकून बसतो. ही कामं अकरावीच्या दिवाळीतच उरकून टाका.

इतकं सगळं करून जे कमी पडेल, तेवढ्यापुरतंच कर्ज. शैक्षणिक कर्जात 4 लाखांपर्यंत बँक तारण मागू शकत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. वसतिगृहाचा खर्च आणि अभ्यासक्रमाला लागणारी वाद्यंसुद्धा त्यात धरता येतात, संस्थेचं पत्र जोडलं की झालं. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमधल्या मुलांना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, ते प्रवेशाआधी पाहा. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर बँक तेही बघणार. मग लोक वैतागून पतसंस्थेचं वैयक्तिक कर्ज काढतात. त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो आणि पोरगी अजून पहिल्या वर्षाला असते.

एक हिशेब वहीत करून बघा. दरवर्षी सुरुवातीला 1 लाख, असं तीन वर्षांत 3 लाख उचललं, सरळव्याज 10 टक्के धरलं. शिक्षण आणि वर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं. चौथं वर्ष संपताना ते 3 लाख 90 हजार झालेले असतात. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 6,475 रुपये. तालुक्याच्या गावी नवा संगीतशिक्षक एका मुलाकडून महिन्याला 500 रुपये घेतो असं समजा. म्हणजे तेरा मुलांची फी सरळ बँकेत. तेच तुम्ही मधल्या काळात फक्त व्याज भरत गेलात, पहिल्या वर्षी महिन्याला साडेआठशेच्या आत आणि शेवटी अडीच हजार, तर हप्ता 4,980 वर येतो. दहा मुलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. संगीताच्या पदवीसाठी कर्ज काढायचं ते मुलाच्या सुरुवातीच्या शिकवणीतून फिटेल तेवढंच. मोठ्या गायकाची बिदागी डोळ्यांपुढं ठेवून कर्ज काढू नका. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढं मुंबईत इमारत उभारली, तिच्यावरचं कर्ज फिटलं नाही आणि ती लिलावात गेली. शिकवणं, मैफली, नाव, कशाचीच कमी नव्हती. कर्ज तेवढं कमाईहून मोठं होतं.

कमाईचे मार्ग आपल्या जिल्ह्यात आहेत, ते कमी लेखू नका. गावोगाव हरिनाम सप्ताह होतात, गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला तर लाखोंची गर्दी लोटते. पखवाज, पेटी आणि साथीच्या गळ्याला तिथं मान आहे, मानधनही आहे. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आपल्याकडची पोरं वर्षानुवर्षं जात आलीत, तेही फी न देता. तिथून येऊन पदवी करणारा मुलगा शिकता शिकता साथ करू शकतो. मात्र हंगाम संपला की हा पैसा थांबतो, हेही ध्यानात ठेवा. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट लागतं, म्हणजे आणखी दोन वर्षं. तो खर्च आजच्याच वहीत लिहा.

आणि ही वही मुलापासून लपवू नका. "तू गा, पैशांचं आम्ही बघतो" हे प्रेमानं म्हटलेलं वाक्य पुढं मुलाला जड जातं, कारण बघताना तुमची झालेली ओढाताण त्याला कळतेच, फक्त उशिरा. सतरा वर्षांच्या मुलीला 6,475 हा आकडा समजतो. तिला समोर बसवा, फी, खोली, शिष्यवृत्ती, कर्ज असे चार रकाने आखा आणि तिच्याच हातानं भरून घ्या. तरीही तिचा निर्धार कायम राहिला, तर बँकेच्या फॉर्मवर सहकर्जदार म्हणून सही करताना तुमचा हात थरथरायचं कारण नाही. वावर तुमच्याच नावावर राहील, आणि कर्ज फेडायचं कसं हे तिला तुमच्याइतकंच माहीत असेल.