जुनी ऐरण

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, सारंगखेडे हे गाव आहे. दत्तजयंतीच्या सुमारास तेथे भरणारा घोडेबाजार दूरवर विख्यात आहे. घोडा आला की नाल आली, आणि नाल आली की तिला वळण देणारी ऐरण आलीच!

समजा, त्या परिसरातील एका लोहाराच्या परसात जुनी ऐरण गंजून पडली आहे. तिची पाठ मध्यभागी किंचित खोलगट झाली आहे. कडांचे टवके उडाले आहेत. नातू म्हणतो, "आजोबा, यंत्रावर घासून हिची पाठ आरशासारखी सपाट करून आणू." आजोबा म्हणतात, "अगोदर ती कोण आहे, ते तर विचार तिला!"

आपल्याकडील पारंपरिक ऐरण म्हणजे ओंडक्यात रोवलेला एक बुटका चौकोनी ठोकळा. लोहार जमिनीवर बसून काम करतो, म्हणून तिला उंची नको. गावोगाव हिंडणारे घिसाडी अशीच लहान ऐरण जवळ बाळगीत. कोठे कोठे रेल्वेच्या रुळाचा तुकडाही ऐरणीचे काम करतो. परंतु आजोबांच्या ऐरणीला एका बाजूस शिंगासारखे निमुळते टोक आहे आणि पाठीवर चौकोनी भोक आहे. ही विलायती घडण.

नातू तारेच्या ब्रशाने गंज काढतो व कुशीवर खडू घासतो. तेव्हा 1, 2 आणि 14 असे तीन आकडे उमटतात. ते वर्ष नव्हे, वजन होय! इंग्लंडातील डडली येथील पीटर राइट यांच्यासारख्या कारखानदारांच्या ऐरणींवर अशी खूण आढळते. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे 112 पौंडांचा. दुसरा त्याच्या चतुर्थांशाचा, म्हणजे 28 पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. 112, 56 आणि 14 मिळून 182 पौंड, म्हणजे सुमारे 82.5 किलोग्रॅम.

आता प्रकृतीची परीक्षा. आजोबा पोलादाची एक गोळी 10 इंचांवरून पाठीवर सोडतात. ती 7 इंच उसळते. पाठ अद्याप कठीण आहे! आगीत सापडून पोलादाचे पाणी उतरले असते, तर गोळी जेमतेम उसळली असती. मग ते लहान हातोडीने जागोजागी ठोकून पाहतात. नाद सर्वत्र खणखणीत येतो. एकाच जागी तो बद्द आला असता, तर तेथे भेग असल्याची किंवा पाठ सुटल्याची शंका घ्यावी लागली असती. अर्थात केवळ नादावर विसंबू नये; बिडाच्या काही ऐरणी धडधाकट असूनही मुळातच कमी वाजतात.

मग यंत्रावर घासण्यास हरकत कोणती? अशा ऐरणीचे अंग मऊ लोखंडाचे असते; त्यावर जोडलेली पोलादी पाठ बहुधा अर्ध्या इंचाच्या आसपास जाडीची असते. खोलगटपणा घालविण्यासाठी ती घासली, की तेवढे पोलाद कायमचे गेले. उरलेली पातळ पाठ घणाखाली दबते. कडांवर वेल्डिंग करून भर घालावी, तर त्या उष्णतेने शेजारचे पोलाद नरम पडण्याचा धोका असतो. पाठच सुटली असती, तर मात्र जाणत्या कारागिराकडे जाणे भाग होते. तेथेही खर्च आणि उपयोग यांचा मेळ पाहावा लागला असता.

येथे एवढे काही बिघडलेले नाही. टवक्यांच्या धारदार कडा तेवढ्या धोक्याच्या. घाव बसताच त्यांची कपची उडून डोळ्यांत जावयाची. नातू त्या कानशीने गोल करतो, तेलाचा हात फिरवतो आणि ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर घट्ट बसवतो.

तेवढ्यात एक शेतकरी वाकलेला गज घेऊन येतो. आजोबा तो नेमका खोलगट भागावर आडवा ठेवून घाव घालतात. गज किंचित उलट बाजूस दबतो, परत उसळतो आणि सरळ होतो. सपाट पाठीवर त्याला असे दबण्यास जागाच मिळाली नसती. नातू यंत्राचे नाव पुन्हा काढीत नाही; तो भाता ओढावयास बसतो.