अंगठा, मनगट आणि रायफलीचा दस्ता

नेमबाजीच्या रायफलीचा दस्ता हा शरीररचनाशास्त्राचाही विषय आहे, असे मला वाटते. जुन्या धाटणीच्या दस्त्याची मान तिरपी असते व अंगठा तिच्यावरून पलीकडे टाकावा लागतो. परिणामी मनगट करंगळीच्या बाजूस झुकते आणि पकड घट्ट होते. बोटे मिटविणारे स्नायू प्रबाहूत परस्परांशी निगडित असल्याने, इतर बोटे आवळली की चापावरील तर्जनीही पूर्णपणे स्वतंत्र राहत नाही. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. तेथे एवढा ताणही भोवतो.

अंगठ्यासाठी आरपार छिद्र ठेवलेल्या 'थंबहोल' दस्त्याची मूठ जवळजवळ उभी असते. मनगट सरळ राहते, अंगठा विसावतो, तर्जनी सरळ मागे येते आणि प्रत्येक वेळी हात त्याच जागी बसतो. बोल्ट ओढताना अंगठा बाहेर काढावा लागतो खरा. पण एकेक गोळी भरून शांतपणे नेम साधणाऱ्यास त्याची अडचण वाटत नाही. छिद्र मात्र हाताच्या मापाचे हवे.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारात असा दस्ता चालतो. १० मीटर एअर रायफलीत त्यास मनाई आहे. म्हणून मनगट दुखते अशी तक्रार घेऊन आलेल्या तरुण नेमबाजास औषध लिहिण्यापूर्वी त्याची पकड अवश्य पाहावी, अशी माझी सहव्यवसायी बंधुभगिनींस विनंती आहे.