चिठ्ठी, दिवा आणि बादली

पाऊस सरला. ज्वारी-बाजरीला कणसे लागली. सोयाबीन काढून झाले. कापसाची पहिली वेचणी घरात आली. आता सण सुरू झाले. नवरात्र, दसरा, कोजागिरी आणि दिवाळी. वर्षभर राबणाऱ्या माणसाला हे चार दिवस हवेतच. लेकरे तर दिवस मोजत असतात.

पण बंधू-भगिनींनो, सणाच्या दिवसांतच अपघातही होतात. गर्दीत लेकरू हरवते. फटाक्याने हात भाजतो. ठिणगी पडून गंजी पेटते. मग गोड घास कडू होतो. असे होऊ नये म्हणून काय करावे, ते या धड्यात आपण पाहू. तीनच गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत. चिठ्ठी, दिवा आणि बादली.

१. चिठ्ठी

आपल्या जालना जिल्ह्यात अंबडला मत्स्योदरी देवी आहे. ज्या टेकडीवर देऊळ आहे, तिचा आकार माशासारखा दिसतो. म्हणून देवीला मत्स्योदरी म्हणतात. नवरात्रात तिथे मोठी यात्रा भरते. गावोगावची माणसे येतात. पाळणे, खेळणी, बांगड्या, भजी, रेवड्या, सगळे काही असते.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येत. वय पन्नाशीच्या पुढे. जूनमध्ये त्यांनी पाटी हातात घेतली. नवरात्राच्या आधी आम्ही वर्गात सांगितले, "यात्रेला लेकरू नेणार असाल तर चिठ्ठी लिहा. लेकराचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका आणि फोन नंबर. चिठ्ठी लेकराच्या खिशात ठेवा."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "चिठ्ठी कशाला हो? माझा नातू पोपटासारखा बोलतो. नाव सांगंल की."

आम्ही म्हणालो, "मावशी, घरी सांगेल. पण गर्दीत घाबरला तर? आईचे नाव काय विचारले, तर तो आईच म्हणेल. गाव कोणते विचारले, तर आमचे गाव म्हणेल."

मावशी गप्प झाल्या. मग त्यांनी पाटीवर चार वेळा लिहून पाहिले आणि पाचव्यांदा कागदावर लिहिले.

यात्रेत नको तेच झाले. खेळण्यांच्या दुकानापाशी नातवाचा हात सुटला. मावशी पुढे गेल्या, नातू मागे राहिला. चार वर्षांचे पोर. रडू लागले. बोलेना. एका बाईने त्याला पोलिसांच्या मांडवात नेले. पोलिसांनी खिसा पाहिला. चिठ्ठी निघाली. गावाच्या नावात वेलांटी चुकली होती, पण नंबर बरोबर होता. फोन लागला. नातू आजीच्या कडेवर आला.

मावशी दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "आजवर मी अंगठा देत होते. अंगठ्यानं माझं लेकरू सापडलं नसतं. अक्षरानं सापडलं. आता ती वेलांटी नीट शिकवा."

चिठ्ठी खिशाच्या आत ठेवावी. गळ्यात अडकवू नये. गळ्यातले नाव कोणीही वाचतो. मग अनोळखी माणूस लेकराला नावाने हाक मारू शकतो. लेकराला वाटते, हा आपल्या ओळखीचाच आहे.

लेकराला आणखी दोन गोष्टी शिकवा. एक, चुकामूक झाली तर पळायचे नाही. आहे तिथेच उभे राहायचे. दोन, मदत मागायची तर पोलिसाला, दुकानदाराला, किंवा लेकरू कडेवर असलेल्या बाईला मागायची. यात्रेत पोहोचल्यावर आपणही आधी एक जागा ठरवावी. "चुकलो तर सगळ्यांनी या कमानीपाशी यायचे." मोठ्या माणसांचीही चुकामूक होतेच.

गर्दीत कसे वागावे?

सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यात मांढरदेव गाव आहे. तिथे डोंगरावर काळूबाईचे देऊळ आहे. २५ जानेवारी २००५ रोजी तिथे यात्रा होती. लाखो माणसे जमली होती. वाट अरुंद होती. दोन्ही बाजूंना दुकाने होती. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. काही माणसे घसरून पडली. मागून येणाऱ्यांना ते दिसले नाही. ते पुढे रेटत राहिले. पुढे दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. त्या एका दिवसात सुमारे तीनशे माणसे गेली.

देवीच्या दर्शनाला निघालेली ही माणसे आपल्यासारखीच होती. त्यांच्यापासून आपण शिकले पाहिजे. मागचा माणूस रेटतो, कारण त्याला पुढचे दिसत नाही. म्हणून रांगेत कधीही रेटू नये. फार दाटी वाटली तर हात छातीपुढे धरावेत, म्हणजे श्वास घ्यायला जागा राहते. पडलेली वस्तू उचलायला वाकू नये. चप्पल गेली तर जाऊ द्यावी. प्रवाहाच्या उलटे जाऊ नये. हळूहळू तिरके सरकत कडेला यावे. लहान लेकरू कडेवर किंवा खांद्यावर घ्यावे. आणि शक्य असेल तर गर्दीच्या दिवशी न जाता आधी किंवा नंतर जावे. देवी नऊही दिवस तीच असते.

२. दिवा

सूर्य हस्त नक्षत्रात गेला की मुलींचा हादगा सुरू होतो. कुठे त्याला भोंडला म्हणतात. वऱ्हाडाकडे आणि खानदेशात भुलाबाई बसवतात. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी. मुली घोळक्याने संध्याकाळी निघतात आणि अंधार पडल्यावर परततात.

लेकरांनी सणाला घरोघर जाणे ही चाल जगात इतर ठिकाणीही आहे. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन नावाचा सण असतो. पोरे भुताखेतांची सोंगे घेतात आणि घरोघर जाऊन खाऊ मागतात. लोक भोपळा कोरून त्याला डोळे-तोंड करतात आणि आत दिवा लावतात. पण तिथेही काळजी आहेच. सोंगाचे झुळझुळीत कपडे दिव्यावर जातात. मुखवट्यामुळे पोरांना रस्ता दिसत नाही. अंधारात मोटारवाल्याला काळे कपडे दिसत नाहीत. म्हणून तिथे आईबापांना सांगतात: लेकरांसोबत मोठे माणूस द्या, हातात बॅटरी द्या, अंगात उजळ कपडे घाला.

देश वेगळा, सण वेगळा, पण अंधार सगळीकडे सारखाच. हेच नियम आपल्यालाही लागू आहेत.

मुली हादग्याला निघाल्या की सोबत एक मोठी बाई असावी. एक बॅटरी पुढे, एक मागे. डांबरी रस्त्याने जायचे असेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने चालावे. पांढरा किंवा पिवळा कपडा वरून घ्यावा. या दिवसांत उसाच्या, सोयाबीनच्या गाड्या रात्री चालतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. ट्रॉलीच्या मागे चमकणारी तांबडी पट्टी लावणे हे ट्रॅक्टरवाल्याचे काम आहे. सणाच्या आधी त्याला आठवण करून द्यावी.

पावसानंतर गवत माजलेले असते. दसऱ्याला आपट्याची पाने आणायला झुडपांत हात घालण्याआधी काठी आपटावी. पायात जोडा असावा. साप चावलाच तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये. माणसाला धीर द्यावा आणि तडक सरकारी दवाखान्यात न्यावे. सापाच्या विषावरचे औषध तिथे मिळते.

३. बादली

आता दिवाळी. आपल्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास घरात कापूस असतो. भाव वाढेल या आशेने तो ओसरीत, पडवीत, कधी झोपायच्या खोलीत भरलेला असतो. अंगणात कडब्याची गंजी असते. आणि त्याच अंगणात पोरे बाण सोडतात.

एका गावातली हकीकत सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठच्या सुमारास एक ठिणगी पडवीतल्या कापसावर पडली. घरधन्याने लगेच पाहिले. तांब्याभर पाणी ओतले. जाळ विझला. सगळे जेवून झोपले. मध्यरात्री शेजारची म्हातारी उठली. तिला जळका वास आला. तिने दार ठोठावले. "अरे उठा रे, धूर निघतोय!" कापूस आतून धुमसत होता. वरचा जाळ विझला होता, आतला निखारा जिवंत होता. त्या आजी उठल्या नसत्या तर घरातली पाच माणसे धुरानेच गुदमरली असती.

म्हणून ध्यानात ठेवा. कापूस आतल्या आत पेटतो. वर पाणी टाकून भागत नाही. जळलेला कापूस ओढून बाहेर मोकळ्या जागी न्यावा, पसरावा आणि पुरता भिजवावा. नंतरही दोन-तीन तास लक्ष ठेवावे. आणि झोपायच्या खोलीत कापूस ठेवूच नये.

फटाके उडवताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. घर, गंजी, कापूस आणि गोठा यांपासून दूर, मोकळ्या रानात फटाके उडवावेत.
२. जवळ एक बादली पाणी आणि एक बादली माती ठेवावी. बादली आधी, काडी नंतर.
३. अंगात सुती कपडे घालावेत. नायलॉन वितळते आणि कातडीला चिकटते. पदर, ओढणी खोचून घ्यावी.
४. लांब उदबत्तीने वात पेटवावी. तोंड फटाक्यावर नेऊ नये.
५. न उडालेल्या फटाक्याजवळ लगेच जाऊ नये. पुन्हा पेटवू नये. काही वेळाने पाणी ओतावे.
६. डब्याखाली, बाटलीत फटाका उडवू नये. पत्रा आणि काच गोळीसारखी लागते.
७. फुलबाजीची तार विझल्यावरही तापलेली असते. ती पाण्याच्या बादलीत टाकावी.

वेळेचाही नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले की दिवाळीत रात्री ८ ते १० या वेळातच फटाके उडवावेत. गावात तान्ही लेकरे असतात, म्हातारी माणसे असतात, दावणीला जनावरे असतात. आवाजाला घाबरून बैल दावे तोडतो.

भाजले तर काय करावे?

कपडे पेटले तर पळू नये. पळाल्याने वारा लागतो आणि जाळ वाढतो. जमिनीवर झोपावे आणि लोळावे. दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून जाळ दाबावा.

भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी २० मिनिटे धरावे. कातडीत शिरलेली धग पाण्याने बाहेर निघते. बर्फ लावू नये. हळद, तूप, शाई, दातांची पेस्ट यांपैकी काही लावू नये. त्याने धग आतच कोंडते आणि जखम चिघळते. अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात, कारण नंतर सूज येते. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकावे आणि दवाखान्यात न्यावे. डोळ्याला इजा झाली तर डोळा चोळू नये. उशीर न करता डॉक्टरांना दाखवावे.

कोजागिरीला दुधाची मोठी कढई चुलीवर असते. फटाक्याइतकीच तीही घातक आहे. कढईभोवती दोरी बांधून घ्यावी. लेकरांना आत येऊ देऊ नये.

गावाने मिळून काय करावे?

एकट्याने बादली भरली तर एक घर वाचते. गावाने भरली तर गाव वाचते. सणाच्या आधी चावडीवर किंवा ग्रामपंचायतीत बसावे. फटाक्यांसाठी एक मोकळी जागा ठरवावी. पाण्याचा टँकर किंवा फवारणीचा पंप भरून तयार ठेवावा. मांडवाची वीज जाणकार वायरमनकडून घ्यावी, तारेवर आकडा टाकू नये. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी वीज बंद करावी. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत हे नंबर लिहावेत.

पोलीस, आग, कोणतीही तातडीची मदत: ११२
रुग्णवाहिका: १०८
हरवलेल्या किंवा संकटातल्या मुलांसाठी: १०९८

हे नंबर तुम्हीच लिहा. गेल्या वर्षी तुम्हाला ते वाचता येत नव्हते. यंदा तुम्ही ते दुसऱ्याला वाचून दाखवाल. ही तुमची खरी दिवाळी.

अभ्यास

१. लेकराच्या खिशात ठेवायची चिठ्ठी लिहा. नाव, बापाचे किंवा आईचे नाव, गाव, तालुका, फोन नंबर.
२. चिठ्ठी गळ्यात का अडकवू नये?
३. कापसाला आग लागली तर नुसते वरून पाणी टाकून का भागत नाही?
४. भाजल्यावर किती मिनिटे पाणी धरावे? काय लावू नये?
५. रिकाम्या जागा भरा: रुग्णवाहिकेचा नंबर ______ आहे. ______ आधी, काडी नंतर.
६. हा धडा घरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांत एक तरी लहान मूल आणि एक तरी आजी-आजोबा असावेत.