हॅमेट कोणत्या क्रमाने वाचावा



बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या संगतीत वाढलेल्या तुला आता अमेरिकन रहस्यकथेची ओढ लागली आहे आणि डॅशिएल हॅमेटचे कोणते पुस्तक प्रथम हाती घ्यावे असे तू विचारतोस, याचा मला मनापासून आनंद झाला. लेखक होण्यापूर्वी हा गृहस्थ पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेच्या नोकरीत होता. संशयिताच्या मागावर राहावे, पाहिले-ऐकले तेवढेच अहवालात नमूद करावे, पदरचे काही घालू नये, ही त्या पेशाची शिस्त. क्षयाने प्रकृती खालावून नोकरी सुटली तरी ती शिस्त त्याच्या लेखणीत कायमची उतरली, आणि त्याच्या थोरवीचे मूळ मला तेथेच दिसते.

म्हणून प्रारंभ ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त मासिकातील त्याच्या कथांपासून कर. त्यांचा नायक कॉन्टिनेंटल या गुप्तहेर संस्थेचा एक बुटका, स्थूल, मध्यमवयीन नोकर. त्याला नावदेखील नाही. ‘द गटिंग ऑफ कूफिग्नल’ (1925) या कथेत लग्नातील आहेरावर पहारा ठेवण्याच्या किरकोळ कामगिरीवर गेलेला हा माणूस, शेवटी द्रव्य आणि रूप दोन्ही समोर आली असता, नीतीचे प्रवचन न करता, आपले काम आपल्याला आवडते म्हणून त्यांना नकार देतो. ‘रेड हार्वेस्ट’मध्ये (1929) हाच नायक आहे. संप मोडण्यासाठी खाणमालकाने आणलेले गुंडच पुढे त्याच्याच शहराचे धनी होऊन बसतात. रक्तपात अतोनात आहे, पण सत्तेची मीमांसा खरी आहे.

‘द माल्टीज फाल्कन’ (1930) मात्र सावकाश वाच. त्यात लेखक कोणाच्याही मनात शिरत नाही. केवळ हातांच्या हालचाली, डोळे आणि शब्द यांवरून खरेखोटे तुलाच ताडावे लागते. पाहुण्याची वाट पाहत असता त्यातील गुप्तहेर सॅम स्पेड एक हकीकत सांगतो: फ्लिटक्राफ्ट नावाचा सुखवस्तू गृहस्थ दुपारच्या जेवणास निघाला असता बांधकामावरची तुळई शेजारी कोसळते, फरसबंदीची कपची गालाला लागते, आणि जगाला काही नियम नाही असे वाटून तो त्याच दिवशी बायकामुले सोडून निघून जातो, पुढे काही वर्षांनी तो स्पोकेन शहरी सापडतो, तो पहिल्यासारखाच दुसरा संसार मांडून! मूळ तपासाशी या हकीकतीचा काडीचाही संबंध नाही, म्हणून ती पाने उलटून पुढे जाण्याचा मोह होईल. तसे करू नकोस, कारण रहस्यकथेत इतके खोल तत्त्वचिंतन मी अन्यत्र वाचलेले नाही.

‘द डेन कर्स’ विस्कळीत आहे, तूर्त वगळ. ‘द थिन मॅन’ (1934) खुसखुशीत आहे, ती प्रवासात वाच. तिच्यानंतर 1961 साली मृत्यू येईपर्यंत त्याची एकही कादंबरी प्रसिद्ध झाली नाही.

माझ्या मते सर्वश्रेष्ठ ‘द ग्लास की’ (1931). तिच्या नायकाची, नेड बोमाँटची, मित्रनिष्ठा तुला पटते की नाही, ते ती वाचून झाल्यावर सविस्तर लिही.

तुझा,
मामा