केबलला टेप गुंडाळणे म्हणजे दुरुस्ती नव्हे



आमचा धंदा कापडाचा, विजेचा नव्हे. तरी हा विषय घेण्यास कारण आहे. काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, आपट्यातील आमच्या शिलाई कारखान्यात मोटारीची केबल उंदरांनी कुरतडली. ऑर्डर तातडीची होती. आम्हीच कारागिराला म्हणालो, "टेप गुंडाळ आणि काम चालू ठेव." तिसऱ्या दिवशी ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या त्या मुलाला झटका बसला. मेन स्विच जवळ होता, दुसऱ्याने तो लगेच पाडला, म्हणून मुलगा वाचला. चूक त्याची नव्हती, आमची होती.

आपटा पाताळगंगेच्या काठी आहे. कोकणातील ओल टेपखाली शिरते आणि आतल्या तारांतून पुढे सरकते. वरून केबल धडधाकट दिसते, आतून ती कुजत असते. म्हणून दुरुस्तीची रीत समजून घ्यावी.

पहिली गोष्ट, वीज तोडणे. मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत, स्विचला कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात द्यावी. "काम चालू आहे" अशी पाटी टांगावी.

दुसरी, खात्री. खिशातल्या टेस्टरवर भिस्त ठेवू नये. मीटर आधी चालू लाइनवर तपासावा, मग तुटलेल्या केबलच्या प्रत्येक तारेवर लावावा, पुन्हा चालू लाइनवर पाहावा. थ्री फेजमध्ये दोन फेजांत ४१५ व्होल्ट असतात. एकही तार राहून गेली तर जीव जातो.

तिसरी, जोड. हलती, लवचीक केबल खराब झाल्यास बदलणेच बरे. पक्क्या केबलचा खराब भाग कापून त्याच मापाच्या, त्याच धातूच्या तारा स्लीव्हमध्ये दाबून जोडाव्यात. तांबे आणि अॅल्युमिनियम नुसते पिळून जोडल्यास सांधा गंजतो व तापतो. जोड एकासमोर एक न येता मागेपुढे असावेत. प्रत्येकावर वेगळे आवरण आणि सर्वांवर बाहेरचे आवरण हवे. अर्थिंगची तार व लोखंडी चिलखत अखंड जोडलेच पाहिजे.

चौथी, तपासणी. मोटार सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने मोजावे. रीडिंग १ मेगओहमहून कमी आल्यास वीज जोडू नये. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा; गळती होताच तो लाइन तोडतो.

हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे. आपले काम त्याला वेळ देण्याचे. एक दिवस मशीन बंद राहिले तर नुकसान भरून निघते. कारागीर गेला तर त्याच्या घरच्यांना आपण काय तोंड दाखवणार?